व्यसनमुक्तीच्या दोन वाटा : एक ऐतिहासिक मागोवा

व्यसनी माणसाचे काय करावे, हा प्रश्न धर्मगुरूच्या दारावर बहुधा अवेळी येतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोणाची तरी आई किंवा पत्नी निवासाच्या पायरीवर येऊन बसते. घरातली तांब्यापितळेची भांडी गेली, बहिणीच्या लग्नासाठी जपून ठेवलेली पाटली गेली, मुलगा परवापासून घरी फिरकला नाही, असे तुटक तुटक सांगते आणि शेवटी एकच विनवणी करते, "फादर, त्याला कुठेतरी आत टाका!" पंचवीस-तीस वर्षांच्या सेवेत ही विनवणी मी किती वेळा ऐकली असेल, त्याची गणती नाही.

'आत टाका' या दोन शब्दांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. माणसाला आत टाकून बरे करता येते काय, आणि येत नसेल तर त्याने आपणहून यावे व बरे होऊन आपल्यातच नांदावे यासाठी काय करावे लागते, याची उत्तरे निरनिराळ्या देशांनी बहुतांशी स्वतःच्या चुकांतून शोधली. त्या शोधाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. तो घेण्यास माझे एक खाजगी कारण आहे आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना तेथील एक बावीस वर्षांचा तरुण गर्दच्या नादी लागला होता. वडील नव्हते. आईने माझ्याकडे धाव घेतली. कोणीतरी एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्राचे नाव सुचविले, मी दूरध्वनी केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार धट्टीकट्टी माणसे जीप घेऊन आली. मुलगा दाराच्या चौकटीला धरून राहिला होता. त्याची बोटे सोडविण्यास वेळ लागला. कुटुंबाची संमती असल्याच्या कागदावर आईने सही केली, खाली साक्षीदार म्हणून मी केली. त्यानंतर चार महिने त्याची भेट कोणालाही मिळाली नाही. तेथे डॉक्टर नव्हता हे आम्हांला मागाहून समजले. तो परतला तेव्हा अंगाने भरला होता, आईने शेजाऱ्यांना पेढे वाटले. चौथ्या दिवशी तो रेल्वे स्थानकाच्या शौचालयात मृतावस्थेत आढळला. काही महिने अमली पदार्थ बंद राहिला की शरीराची तो सोसण्याची सवय मोडते आणि पूर्वी रोज पचणारी मात्रा प्राणघातक ठरते, ही गोष्ट मला नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितली. केंद्राने ती आम्हांला सांगितली नव्हती. आम्हीही काही विचारले नव्हते. अंत्यविधी मीच केला.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचताना १९३५ या वर्षापाशी पुनःपुन्हा थबकावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत, ओहायो नदीने विभागलेल्या दोन शेजारी राज्यांत, अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन उपक्रमांचा जन्म झाला. एकामागे सरकारचा खजिना होता, दुसऱ्यापाशी छप्परही नव्हते.

पहिला उपक्रम केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथला. १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर अफू, मॉर्फीन व हेरॉइन यांवर तेथे कडक निर्बंध आले. व्यसनी रुग्णाला औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांवरही खटले भरले गेले. परिणामी तुरुंग व्यसनी माणसांनी तुंबले. तुरुंगाधिकारी त्रासून गेले, तेव्हा १९२९ मध्ये काँग्रेसने कायदा करून अशा लोकांसाठी दोन 'नार्कोटिक फार्म' उभारण्याचे ठरविले. त्यांपैकी पहिला मे १९३५ मध्ये लेक्झिंग्टनला सुरू झाला. सुमारे हजार एकर जमीन, गाईंचे गोठे, कोंबड्यांचे खुराडे, टोमॅटोचे मळे, शिवणकामाची व सुतारकामाची शाळा, दवाखाना, ग्रंथालय, वाद्यवृंद असा सारा थाट होता. शिक्षा झालेले कैदी येथे आणले जात आणि स्वेच्छेने येणाऱ्यांनाही प्रवेश होता. शुद्ध हवा, नियमित श्रम, पौष्टिक अन्न आणि वाईट संगतीपासून दूर अंतर यांनी माणूस सुधारतो, अशी त्यामागची श्रद्धा. त्या काळाचा विचार करता ही कल्पना दयेची होती, हे मान्य केले पाहिजे. तोवर व्यसनी माणसाच्या वाट्याला कोठडीखेरीज दुसरे काही येत नव्हते. न्यू यॉर्कचे अनेक नामांकित जॅझ वादक या फार्मवर राहून गेले. सॅक्सोफोन वादक सनी रॉलिन्स १९५५ मध्ये आपणहून तेथे दाखल झाले, मुक्त होऊन परतले आणि पुढे कित्येक दशके वाजवीत राहिले.

परंतु रॉलिन्स हे अपवाद ठरले. १९५० च्या दशकात लेक्झिंग्टनहून न्यू यॉर्क शहरी परतलेल्या १९०० हून अधिक रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा पाठपुरावा होऊ शकला त्यांच्यापैकी दहांतील नऊ जण पुन्हा व्यसनात सापडले होते, आणि तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच.

असे का झाले? याचे उत्तर त्याच फार्मवरील एका शास्त्रज्ञाने शोधले. अब्राहम विकलर यांच्या लक्षात आले की, महिनोन् महिने पूर्ण निर्व्यसनी राहिलेला माणूस आपल्या जुन्या वस्तीच्या जवळ येऊ लागताच त्याला जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते, अंग मोडून येते. मुंबईची मुले ज्याला 'टर्की' म्हणतात तीच ही अवस्था. शरीरात अमली पदार्थाचा कणही नसताना ती जागी होई, कारण तो कोपरा, तो जिना, तो जुना सोबती यांच्याशी व्यसनाची गाठ बांधली गेलेली असे. हजार एकरांच्या निवांतपणात ही गाठ सुटण्याचा प्रश्नच नव्हता. ती जिथे बसली तिथेच सोडवावी लागणार होती आणि तिथे तर माणूस एकटाच परतत होता. गाडीचे तिकीट हातात दिले की फार्मचे काम संपे.

याच सिद्धान्ताला पुढे उलट बाजूने पुष्टी मिळाली. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तेथे असताना केव्हा ना केव्हा हेरॉइनच्या आहारी गेला होता. हे सारे मायदेशी परतल्यावर काय होईल, या चिंतेने सरकार हवालदिल झाले. ली रॉबिन्स या विदुषीने १९७० च्या दशकात त्यांची पाहणी केली, तेव्हा त्या व्यसनी सैनिकांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले केवळ ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. लेक्झिंग्टनचा माणूस व्यसनाच्या गावी परतत होता, सैनिक व्यसनाचे गाव मागे टाकून घरी येत होता.

येथे एका गैरसोयीच्या सत्याची नोंद करणे भाग आहे. लेक्झिंग्टनला स्वेच्छेने आलेले रुग्ण कैद्यांपेक्षा अधिक बरे झाले, असे घडले नाही. त्यांच्यापैकी बहुसंख्य उपचार पुरा होण्याआधीच निघून गेले. जॉर्ज व्हेलंट या मनोविकारतज्ज्ञांनी न्यू यॉर्कच्या शंभर रुग्णांचा बारा वर्षे पाठपुरावा करून १९६६ मध्ये असे दाखवून दिले की, नुसत्या ऐच्छिक इस्पितळ-वास्तव्याचा परिणाम नगण्य होता. सुटकेनंतर दीर्घकाळ देखरेखीखाली बाहेरच्या जगात राहून नोकरी करावी लागलेले कैदी त्यांच्याहून बरे निघाले. सक्तीचे समर्थक या निष्कर्षाकडे आजही बोट दाखवितात. परंतु त्यातील कोणत्या भागाने काम केले ते नीट पाहावे. बंद कोठडी त्या सर्वांनी पूर्वीही अनेकदा भोगली होती आणि तिचा उपयोग झाला नव्हता. या खेपेस नवीन होते ते बाहेर आल्यावर वर्षभर दर आठवड्याला कोणीतरी 'कामावर गेलास का?' असे विचारणे. तेव्हा 'ऐच्छिक' हा शब्द इस्पितळाच्या पाटीवर रंगविला म्हणजे काम झाले, असे समजण्याचे कारण नाही. माणूस आपणहून आला, पण परत जाताना त्याला सोबत मिळाली नाही, तर त्याची इच्छा फार दिवस टिकत नाही.

लेक्झिंग्टन फार्म १९७४ मध्ये बंद झाला. प्रयोगांसाठी तयार होणाऱ्या कैदी रुग्णांना बक्षीस म्हणून तेथे अमली पदार्थच दिले जात होते, ही गोष्ट त्यानंतरच्या वर्षी सिनेटच्या सुनावणीत उघड झाली. कुलूपबंद घरात दयेचेही कसे विडंबन होते, याचा हा नमुना.

आता दुसरा उपक्रम. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी मे १९३५ मध्ये दोन मद्यपींची गाठ पडली. न्यू यॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन आणि स्थानिक शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलत राहिल्यास आपण स्वतः पिण्यापासून वाचतो, एवढाच शोध त्यांना लागला होता. त्यातून पुढे 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही जगभर पसरलेली बंधुता जन्मली. प्रवेशशुल्क नाही, नोंदवही नाही, आडनावाची चौकशी नाही. अट एकच, पिणे सोडण्याची इच्छा. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात याच धर्तीवर अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी 'नार्कोटिक्स अॅनॉनिमस' सुरू झाली.

या इतिहासात एका धर्मभगिनीचे स्थान आहे. सिस्टर इग्नेशिया या मूळच्या आयर्लंडच्या. संगीत शिकवीत असताना त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा हलके काम म्हणून ॲक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांना प्रवेशनोंदणीच्या टेबलावर बसविण्यात आले. त्या काळी इस्पितळे मद्यपींना दारातूनच परत पाठवीत. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉ. बॉब यांनी एक रुग्ण आणला. सिस्टरांनी वहीत आजाराचे नाव 'जठराचा तीव्र दाह' असे लिहिले आणि कोणाच्या नजरेस येऊ नये म्हणून त्याची खाट रुग्णांची फुले रचून ठेवण्याच्या खोलीत सरकविली. नीतिशास्त्राच्या वर्गात या नोंदीवर आम्हां विद्यार्थ्यांनी तासभर वाद घातला असता! पण त्या असत्याच्या आडोशाने मद्यपान हा इस्पितळात उपचार करण्याजोगा आजार ठरला. पुढे तेथे स्वतंत्र कक्ष झाला. उपचार जेमतेम पाच दिवसांचा. औषधापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, आधी व्यसनातून सुटलेली शहरातली माणसे दिवसभर त्या कक्षात येऊन बसत आणि कॉफी पीत आपली हकिकत सांगत. रुग्णाला घेऊन येणारा आणि परत नेणारा त्यांच्यापैकीच एखादा असे. निरोप देताना सिस्टर प्रत्येकाच्या हातात पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला ठेवीत आणि बजावीत की, पहिला पेला ओठाला लावण्यापूर्वी हा मला परत आणून द्यायचा. सक्ती म्हणावी तर एवढीच. १९५२ मध्ये त्यांची बदली क्लीव्हलंडला झाली, तेथेही त्यांनी असाच कक्ष चालविला. १९६६ मध्ये त्या निवर्तल्या.

लेक्झिंग्टनपाशी हजार एकर होते, ॲक्रनपाशी फुलांची एक खोली. मात्र त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच गावात ओळखीची पन्नास दारे उघडी होती.

समूहाच्या नावाने केलेले सारेच चांगले, असा याचा अर्थ काढू नये. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची व्यसनींची वसाहत निघाली. एकमेकांना कठोर शब्दांत खरे बोलायला लावून तिने अनेकांना हेरॉइनपासून सोडविले. पण संस्थापकाची सत्ता वाढत गेली, बाहेर पडण्यास मनाई झाली, आणि १९७८ मध्ये तिच्या विरोधात लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत तिच्या माणसांनी जिवंत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. सोबतीचेही कुलूप होऊ शकते.

याच काळात औषधोपचाराने एक मोठी वाट खुली केली. न्यू यॉर्कचे डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनचा उपचार प्रसिद्ध केला. रोज ठरावीक मात्रा देखरेखीखाली घ्यावी, तिने नशा न होता तलफ शमते, आणि माणूस आपल्या घरी राहून कामावर जाऊ शकतो. 'एक सोडून दुसरे धरले' असा आक्षेप धर्माच्या क्षेत्रातील अनेकांनी घेतला. मीही तो व्याख्यानांत बोलून दाखविला आहे. आज मी तसे बोलत नाही. या उपचारावर असलेल्यांचे मृत्यू कमी होतात, हे अनेक देशांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन दिले जाते. पुनरुत्थानाचा उपदेश ऐकण्यासाठी माणूस आधी जिवंत असावा लागतो.

मुंबई आणि महाराष्ट्र यांकडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, हा विषय आपल्याकडे पश्चिमेकडून आलेला नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि शहराच्या एकोणिसाव्या शतकातील वैभवात तिचा वाटा होता. गिरणीत कामाला जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची 'बाळागोळी' देऊन झोपवीत असे, कारण मूल सांभाळायला घरी कोणी नसे. सरकारनेच १८९३ मध्ये नेमलेल्या राजकीय अफू आयोगाने १८९५ मध्ये अहवाल देताना भारतीयांच्या अफूसेवनाविषयी फारशी चिंता व्यक्त केली नाही. तिजोरीला अफूचे उत्पन्न हवे होते, हे विसरून चालणार नाही.

१९८० नंतरची लाट मात्र वेगळी होती. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातून ब्राऊन शुगर मुंबईत उतरली. मराठीने तिला 'गर्द' म्हटले आणि ती ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. या शब्दात जी तुच्छता आहे तिने उपचाराची अर्धी वाट अडविली. कोणता बाप आपल्या मुलाला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहून सांगेल की, हा माझा गर्दुल्ला? शासनाने १९८५ मध्ये अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा केला, तो त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आला. या कायद्याने सेवन करणाऱ्यालाही गुन्हेगार ठरविले. १९८९ च्या दुरुस्तीने त्यात ६४-अ हे कलम घातले. आपणहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे हे कलम सद्हेतूचे आहे. परंतु उपचार पूर्ण न केल्यास ते संरक्षण काढून घेण्याची मुभाही त्यातच आहे. या आजारात घसरणे हे आजाराचेच लक्षण असते, आणि ज्या लक्षणासाठी उपचार घ्यायचा त्याच लक्षणापायी संरक्षण जाण्याची टांगती तलवार राहते. किती वकिलांना, किती पोलिसांना आणि किती धर्मगुरूंना हे कलम ठाऊक आहे, हा आणखी वेगळा प्रश्न.

या अंधारात दोन दिवे लागले. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः मद्यासक्तीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मार्गाने बाहेर पडले होते आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य होते. बारा पायऱ्या आणि योगासने यांचा मेळ त्यांनी घातला. पुढे वसईतही 'कृपा'चे केंद्र उभे राहिले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की, एका धर्मगुरूने आपली आसक्ती उघडपणे सांगितली. आमच्या वर्गाला ही गोष्ट किती अवघड जाते, ते आम्हीच जाणतो.

दुसरा दिवा पुण्याचा. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर वृत्तान्त लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई हेलावून गेले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. अवचट लेखक, केंद्र चालविणे हा त्यांचा पिंड नव्हे. ते काम अंगावर घेतले त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. मनोरुग्णालयाच्या आवारात, म्हणजे ज्या जागेच्या नावानेच लोक दचकतात तेथे, त्यांनी ज्याला मुक्त अंगण म्हणावे असे काही निर्माण केले. रुग्णाने स्वतःच्या इच्छेने यावे, त्याला मारहाण नाही, साखळी नाही. बरा झालेला मित्र नव्या मित्राची शुश्रूषा करणार. सफाईपासून स्वयंपाकापर्यंतच्या कामांत साऱ्यांचा हात. आणि पाच आठवडे राहून गेला की संबंध संपला असे नाही. गावोगावच्या पाठपुरावा गटांनी तो धागा पकडून ठेवायचा. निर्व्यसनीपणाची वर्षे वाढदिवसासारखी साजरी करायची. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. मला तो साऱ्यांत मोलाचा वाटतो, कारण नवऱ्याच्या आजाराने आजारी पडलेल्या त्या बाईला तोवर कोणीही 'तुझे काय?' असे विचारले नव्हते. डॉ. अनिता १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. मुक्तांगणचे काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे चालविले.

या दोन्ही संस्थांनी ॲक्रनची वाट धरली. लेक्झिंग्टनची वाट मात्र आशियात रुंदावत गेली. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड, मलेशिया या देशांत हजारो लोकांना न्यायालयापुढे उभे न करताही सक्तीच्या केंद्रांत ठेवले जाऊ लागले. उपचाराच्या नावाखाली कवायत आणि मजुरी. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या १२ संस्थांनी एकत्र येऊन ही केंद्रे बंद करावीत आणि ऐच्छिक, समाजाधारित सेवा उभाराव्यात असे आवाहन केले. २०२० मध्ये ते पुन्हा करावे लागले, यावरून पहिल्याचा परिणाम किती झाला ते कळते.

मलेशियाने मात्र २०१० पासून काही सक्तीची केंद्रे ऐच्छिक केंद्रांत बदलली. दारे उघडी ठेवली, मेथाडोन उपलब्ध केले, समुपदेशनाची सोय केली. एकाच देशात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालू असल्याने तुलना शक्य झाली, आणि ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आली. अफूजन्य पदार्थांच्या ज्या व्यसनींना सक्तीच्या केंद्रातून सोडले, त्यांच्यापैकी निम्मे सुमारे ३१ दिवसांत पुन्हा घसरले. ऐच्छिक केंद्रातून गेलेल्यांना तेवढेच घसरायला सुमारे ३५२ दिवस लागले. दोन्हीकडची माणसे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती आणि मेथाडोनचा वाटा त्यात मोठा आहे, हे लक्षात ठेवूनही एक महिना आणि जवळजवळ एक वर्ष यांतले अंतर डोळ्यांआड करता येत नाही. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला ते चार दिवस आठवले.

आपल्याकडील स्थिती काय आहे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलाही उपचार मिळाल्याचे आढळले, आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांमागे एकाला. उरलेल्यांच्या आया रात्री कोणाच्या तरी पायरीवर बसलेल्या असणार. त्या पोकळीतच जीप घेऊन येणाऱ्यांचा धंदा चालतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेत घेतल्या आहेत. स्वतःच्या इच्छेने दाखल होणे हा त्यातील सर्वसाधारण नियम आहे, इच्छेविरुद्ध ठेवण्यास वैद्यकीय तपासणीची व मुदतीची बंधने आहेत, आणि माणसाला साखळीने बांधण्यास साफ मनाई आहे. आईच्या आणि धर्मगुरूच्या सहीने ती बंधने सुटत नाहीत.

काही जण विचारतील, माणूस यायलाच तयार नसेल तर? प्रश्न रास्त आहे, जीव धोक्यात असेल तेव्हा डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. पण अनुभव असा की, 'तयार नाही' असे ज्याच्याविषयी म्हणतात त्याला बहुधा कोणी नीट विचारलेलेच नसते. धमकी दिलेली असते, शपथ घातलेली असते, क्रुसावर हात ठेवायला लावलेला असतो. त्या मुलाला मी स्वतः काय विचारले होते, ते आठवण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. लग्नाच्या मांडवात पेला नाकारणाऱ्याला हसणारा आपला समाज सोमवारी त्याच माणसाला बेवडा म्हणतो, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

गेले वर्षभर आमच्या धर्मग्रामात आठवड्यातून एक संध्याकाळ अशा व्यक्तींसाठी आणि दुसरी त्यांच्या घरच्यांसाठी खोली द्यावी, असा विषय चालू आहे. जाणत्या संस्थेचा एक समुपदेशक महिन्यातून दोनदा येण्यास तयार आहे, सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनीही रुग्ण पाहण्याचे कबूल केले आहे. अडले आहे ते खोलीपाशी. प्रवेशद्वाराजवळची खोली दिली तर धर्मशिक्षणाला येणारी मुले त्यांना पाहतील, असे काहींचे म्हणणे, आणि म्हणून दफनभूमीमागील जुनी कोठी सुचविण्यात आली आहे. तेथे दिवा नाही आणि पावसाळ्यात चिखल असतो. मी प्रवेशद्वाराजवळच्या खोलीचा आग्रह धरला आहे. पॅरिश कौन्सिलची बैठक पुढील महिन्यात आहे. गटात येऊन बसण्याची तयारी आजवर तिघांनी दाखविली आहे. त्यांपैकी एक सतरा वर्षे दारूपासून दूर आहेत, दुसरा चार महिने. तिसरा गेल्या आठवड्यात पुन्हा घसरला, पण येणार म्हणतो.